मौक्यावर कोण गेले होते?



गेले वर्षभर मंडळाचा कोणताही कार्यक्रम आटोपला, मग तो गणेशोत्सव असो की कोजागिरी, की चहाचा कप हातात घेऊन माधव नगरातली आपली मंडळी एकाच विषयावर येतात. तो विषय म्हणजे नोटीस. कोणाच्या घरापुढचा ओटा रस्तारुंदीकरणात जातो आहे. कोणाच्या आजोबांकडे चालत आलेल्या मंदिराच्या जमिनीवर खसऱ्यात आता वेगळीच नोंद दिसते आहे. कोणाची निवृत्तिवेतनाची फरकाची रक्कम कोर्टात अडकली आहे. २०२८ चा सिंहस्थ जवळ येतो आहे, शहरात जागेची मागणी वाढते आहे, आणि जागेच्या मागे कागद येतातच. सिंहस्थ क्षेत्रातल्या लँड पूलिंग योजनेवरून २०२५ मध्ये शेतकऱ्यांनी केवढे आंदोलन केले आणि वर्षअखेरीस शासनाला ती योजना कशी मागे घ्यावी लागली, हे आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे.

अशा गप्पांत दोन प्रश्न हटकून विचारले जातात. "वकील कोण लावला?" आणि "तारीख कोणासमोर आहे?" दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. पण बँकेत पस्तीस वर्षे कर्जांचे कागद तपासल्यावर आमचे मत असे झाले आहे की पहिला प्रश्न तिसराच असायला हवा. शासनाच्या बाजूने मौक्यावर कोण गेले होते, त्याने काय पाहिले, आणि काय लिहिले? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वकील नाही. तरीही या प्रश्नाचा आपल्या घरादाराशी थेट संबंध असल्यामुळे आज त्याबद्दल लिहावेसे वाटले.

फौजदारीला ठाणेदार, दिवाणीला कोण?

चोरी झाली तर पोलीस येतात. पंचनामा होतो, जबाब घेतले जातात, वस्तू जप्त होतात. तपास नीट झाला की नाही यावर वर्तमानपत्रे लिहितात, न्यायाधीश ताशेरे ओढतात. म्हणजे फौजदारी प्रकरणात तपास नावाची एक पायरी आहे आणि तिला जबाबदार असा एक माणूस आहे.

आता समजा वाद जमिनीचा, कंत्राटाचा, पगारवाढीचा किंवा नुकसानभरपाईचा आहे आणि एका बाजूला शासन आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दावा लावण्यापूर्वी शासनाला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कायद्याने हे दोन महिने कशासाठी ठेवले? शासनाने या अवधीत खरे काय ते शोधावे आणि नागरिकाचे म्हणणे योग्य असेल तर कोर्टाची पायरी चढण्याआधीच ते मान्य करावे, यासाठी. म्हणजे कायद्याने तपासाला वेळ दिला आहे. तपास करणारा माणूस मात्र दिलेला नाही.

आपल्या मध्य प्रदेशात रीत अशी आहे की शासनाविरुद्ध प्रकरण आले की संबंधित विभाग एक प्रभारी अधिकारी नेमतो. सगळे त्याला ओआयसी म्हणतात. दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर तयार करणे, कागद गोळा करणे, शासकीय अभिभाषकांना भेटणे, जवाबदावा वेळेत दाखल करवणे, ही सगळी त्याची कामे. तो कधी नायब तहसीलदार असतो, कधी इंजिनिअर, कधी शिक्षण खात्यातला अधिकारी. त्याचे मूळ काम निराळेच असते. निवडणूक आली की तो तिकडे, सिंहस्थाची तयारी सुरू झाली की इकडे, आणि बदली झाली की फाईल दुसऱ्याच्या टेबलावर. उच्च न्यायालयाचे प्रकरण असेल तर उज्जैनहून इंदूरच्या खंडपीठापर्यंतच्या खेपाही त्यालाच घालाव्या लागतात. मौक्यावर जाण्याचे काम शेवटी पटवाऱ्यावर येते. त्याच्याकडे आधीच सीमांकन, पीक पाहणी, नामांतरण आणि दहा योजनांची कामे असतात.

या माणसांना दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. त्यांत कष्टाळू आणि सचोटीची माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. पण जे काम सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, हा अनुभव घरातल्या लग्नकार्यापासून सरकारी कचेरीपर्यंत सारखाच आहे.

किंमत कोण मोजतो?

याचा परिणाम काय होतो ते आपल्याच राज्याच्या दोन प्रकरणांतून दिसते.

१५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश शासन विरुद्ध भेरूलाल या प्रकरणात निकाल दिला. शासन ६६३ दिवस उशिरा न्यायालयात आले होते. कारण दिले होते की कागदपत्रे उपलब्ध नव्हती आणि ती जमवण्यात वेळ गेला. न्यायालयाने अपील फेटाळले आणि शासनाला २५,००० रुपयांचा दंड केला. तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावा, असेही सांगितले. न्यायालयाने आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदवली. अशी काही अपिले जिंकण्यासाठी केलेली नसतातच. वरच्या कोर्टाने फेटाळल्याचा कागद फाईलला लागला की 'आम्ही प्रयत्न केला होता' असे म्हणायला अधिकारी मोकळे होतात. न्यायालयाने अशा प्रकरणांना चक्क प्रमाणपत्राची प्रकरणे म्हटले.

दुसरे प्रकरण २९ नोव्हेंबर २०२४ चे, मध्य प्रदेश शासन विरुद्ध रामकुमार चौधरी. वाद जमिनीचा होता. उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवसांची मुदत असते, शासनालाही तेवढीच. शासन पाच वर्षांहून अधिक उशिरा पोहोचले. सर्वोच्च न्यायालयाने या वेळी एक लाख रुपयांचा दंड लावला.

या निकालांवर लोक म्हणतात, "बरे झाले, सरकारला धडा मिळाला." आम्हांला इतके सरळ वाटत नाही. कागद वेळेत न सापडल्यामुळे सार्वजनिक जमीन हातची गेली, तर ती तुमची-आमची जमीन असते. तिथे शाळा किंवा दवाखाना होऊ शकला असता. आणि उलट बाजू पाहा. एखाद्या निवृत्त शिक्षकाचे म्हणणे खरे असते, पण फाईल उघडून पाहायला कोणाला सवड नसते, म्हणून शासन सगळेच नाकारते आणि वर अपील करते. तो शिक्षक सत्तरीत कोर्टाच्या जिन्यावर बसलेला दिसतो. तपास झाला नाही तर शासनाची खरी बाजूही बुडते आणि नागरिकाची खरी बाजूही लांबते. फायदा होतो तो फक्त ज्याची बाजू खोटी आहे त्याचा.

आमची स्वतःची चूक

तपास म्हणजे काय हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, फजिती होऊन शिकलो. ती हकीकत सांगायला आता संकोच वाटत नाही.

१९९० नंतरची गोष्ट. माळव्यातल्या एका लहान गावी आमची नेमणूक होती. एका व्यापाऱ्याने दुकान व मागचे घर गहाण ठेवून कर्ज मागितले. रजिस्ट्री होती, नकाशा होता, वकिलांचा शोध अहवाल स्वच्छ होता. दिवस मार्चअखेरचे. जागेच्या पाहणीच्या फॉर्मवर आम्ही कचेरीत बसूनच सही केली. जागा शाखेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होती.

पुढे खाते बुडीत निघाले आणि बँक कोर्टात गेली. तेव्हा कळले की मागचा अर्धा भाग त्या व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाच्या ताब्यात पंचवीस वर्षांपासून होता. वाटणी तोंडी झालेली, कागदावर काही नाही. पण वीजमीटर त्याचे, नळ त्याचा, आणि स्वयंपाकघराची भिंतही त्यानेच घातलेली. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर भावाच्या वकिलांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "साहब, आप खुद मौके पर गए थे?"

नाही म्हणावे लागले. त्या एका शब्दानंतर आमच्या बाकीच्या साक्षीला काही वजन उरले नाही. कारण नकाशा, रजिस्ट्री आणि शोध अहवाल तिघेही कागदाबद्दलच बोलत होते. भिंतीबद्दल बोलणारा साक्षीदार फक्त आम्ही असायला हवे होतो. बँकेचे नुकसान झाले, आम्हांला मेमो मिळाला. त्याहून जास्त बोचली ती त्या भावाच्या घरच्यांची नजर. आम्ही दहा मिनिटे चाललो असतो तर त्यांची सात वर्षे कोर्टात गेली नसती.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत आम्ही चार गोष्टी सोडल्या नाहीत, आणि दिवाणी तपास करणाऱ्या कोणालाही आम्ही त्याच सांगू.

पहिली, तारखा. कागद वाचण्याआधी तारखांची यादी करायची. कोणती घटना कधी घडली, कोणती मुदत कधी संपते. १९६३ च्या मुदत कायद्यात खासगी माणसाला जमिनीच्या ताब्याच्या दाव्यासाठी १२ वर्षे आहेत, शासनाला ३० वर्षे. पण जवाबदाव्याला ३० दिवस, फार तर ९०. लांब मुदतीच्या भरवशावर राहणारा जवळची मुदत चुकवतो.

दुसरी, कागद कोणाकडून आला. मूळ की नक्कल, आणि इतकी वर्षे तो कोणाच्या ताब्यात होता. ३० वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरची सही खरी मानण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यात न्यायालयाला आहे. तोच कागद अचानक कुठून तरी उगवला तर प्रश्न उभे राहतात.

तिसरी, जागा. चौहद्दी कागदावर वाचायची आणि पायाने मोजायची. शेजाऱ्याशी, दूधवाल्याशी, समोरच्या पानवाल्याशी बोलायचे.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे अहवालात तीन गोष्टी वेगळ्या लिहायच्या. आम्ही काय पाहिले, आम्हांला कोणी काय सांगितले, आणि त्यावरून आमचा अंदाज काय. या तिन्हींची खिचडी झाली की अहवाल वाचणारा फसतो. जे आपल्या बाजूच्या विरुद्ध आहे तेही लिहायचे, कारण समोरचा वकील ते शोधून काढणारच आहे. आपल्या वकिलाला ते आधी कळलेले बरे.

जुना धडा: इनाम कमिशन

शासनाने दिवाणी तपासासाठी खास माणसे नेमली असे आपल्या मराठी इतिहासात एकदा मोठ्या प्रमाणावर घडले आहे. ते इंग्रजी अमदानीतले इनाम कमिशन. मुंबई इलाख्यात, विशेषतः दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रात, करमाफीच्या जमिनींची चौकशी १८४० नंतर सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला पक्के रूप आले. कमिशनचे अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे मोडी जाणणारे कारकून गावोगावचे इनामदार बोलावत, सनदा मागत आणि त्या पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या नोंदींशी ताडून पाहत.

कामाची पद्धत पाहिली तर तपास म्हणून ती कच्ची नव्हती. मूळ कागद, दफ्तरातली नोंद, वहिवाट, वारसा, हे सारे तपासले जाई. तरीही या कमिशनने लोकांत जो असंतोष पेरला त्याचा उल्लेख १८५७ च्या कारणांत होतो. कारण तपास करणारे आणि निकाल देणारे एकाच खात्याचे होते, आणि नेहमीच्या दिवाणी कोर्टात त्याविरुद्ध दाद नव्हती. पुरावा द्यायची जबाबदारी इनामदारावर. ज्याची सनद वाळवीने खाल्ली किंवा पुरात गेली, त्याने काय करावे? अखेर १८६३ च्या कायद्यांनी शासनाने मार्ग बदलला आणि ठरावीक जुडी भरून इनामे कायम करण्याची तडजोड केली.

उज्जैन तेव्हा शिंद्यांच्या राज्यात असल्यामुळे ते कमिशन इथे आले नाही. पण आपल्यातली कितीतरी घराणी त्याच मुलखातून इकडे आली, आणि घरोघरी देवघरातल्या पेटीत सनदा जपण्याची जी सवय आहे ती उगीच पडलेली नाही. गंमत अशी की ज्या पेशवे दफ्तरात इनामदारांविरुद्ध पुरावा शोधला गेला, त्याच दफ्तरातून पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाले आणि आपला इतिहास उजेडात आला. कागद तेच. तो उघडणाऱ्याचा हेतू काय, यावर सारे ठरते.

देवाची जमीन आणि खसऱ्याचा रकाना

हाच प्रश्न आज आपल्या शहरात देवस्थानच्या जमिनींबाबत उभा आहे. उज्जैन आणि परिसरात शिंदेशाहीतल्या नेमणुकीची, माफीच्या जमिनी असलेली लहान-मोठी मंदिरे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींची पूजा आपल्या सभासदांच्या घराण्यांकडे आहे.

६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच पुजाऱ्यांच्या एका संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले की मंदिराच्या जमिनीची मालक देवता आहे. पुजारी हा व्यवस्था पाहणारा, मालक नव्हे. म्हणून भूमिस्वामीच्या रकान्यात देवतेचे नाव राहील, आणि पुजाऱ्यांची नावे काढण्याबाबतची शासनाची परिपत्रके योग्य ठरली. हा भाग सर्वांना ठाऊक झाला. पण त्याच निकालाचा दुसरा भाग कमी लोकांनी वाचला. देवतेच्या मालकीच्या जमिनीवर व्यवस्थापक म्हणून कलेक्टरांचे नावही सरसकट घालता येणार नाही. मंदिर शासनाकडे निहित असेल तरच ते चालेल.

म्हणजे प्रत्येक मंदिरापाशी येऊन प्रश्न अडतो तो एका वस्तुस्थितीवर. हे मंदिर शासनाचे, की खासगी, की समाजाचे? हे कोण ठरवणार? त्यासाठी ग्वाल्हेर संस्थानच्या काळातले कागद पाहावे लागतील, नेमणूक कोणी दिली ते वाचावे लागेल, पूजेचा खर्च कोण करत आला ते गावात विचारावे लागेल. पुष्कळ कागद मोडीत आहेत. आज मोडी वाचता येणारा पटवारी किंवा प्रभारी अधिकारी किती ठिकाणी सापडेल? न वाचलेला कागद पुराव्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. मग अधिकारी जुन्या यादीतला शिक्का पुढे चालवतो, पुजारी घराण्याला वाटते की अन्याय झाला, आणि दोन पिढ्यांचा दावा सुरू होतो. यात काही ठिकाणी शासन बरोबर असेल, काही ठिकाणी आपले घराणे. तपासाशिवाय कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, आणि आम्हीही सांगणार नाही.

मग काय हवे?

आपली मुले-सुना अमेरिकेत आहेत, त्यांना विचारून पाहा. तिथे राज्यांच्या महाधिवक्त्यांच्या कचेऱ्यांत दिवाणी तपासनीस नावाची पगारी पदे असतात. ते साक्षीदारांना भेटतात, हिशेब तपासतात, कागदांचा माग काढतात आणि सगळे सरकारी वकिलांपुढे ठेवतात. शासनाला फसवून पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध तिथे १८६३ सालचा एक कायदा आहे, आणि १९८६ च्या दुरुस्तीपासून त्याखाली दावा लावण्याआधीच कागद आणि जबान्या मागवण्याचा अधिकार आहे. आधी शोध, मग दावा, असा तो क्रम.

आपल्याकडे या कामाचा धागा अगदीच नाही असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली न्यायालय मौका पाहणीसाठी कमिशनर नेमू शकते. बहुधा एखादा तरुण वकील नेमला जातो. त्याचा अहवाल पुरावा ठरतो आणि दोन्ही पक्ष त्याला कोर्टात प्रश्न विचारू शकतात. कंपन्यांच्या घोटाळ्यांसाठी केंद्र शासनाने २००३ मध्ये गंभीर फसवणूक तपास कार्यालय काढले, त्यात हिशेबतज्ज्ञ, वकील, बँकिंग जाणणारे असे सगळे एकत्र बसतात. मग जिल्ह्याच्या शासकीय अभिभाषकांच्या कचेरीत दोन-तीन प्रशिक्षित तपासनीस का नसावेत? एक महसूल जाणणारा, एक हिशेब जाणणारा, आणि आपल्यासारख्या शहरात एक मोडी वाचणारा. कलम ८० ची नोटीस आली की ती त्यांच्याकडे जावी, आणि दोन महिन्यांत त्यांचा लेखी अहवाल यावा. नागरिक बरोबर असेल तर तडजोड करावी. आदेश २७ नियम ५-ब प्रमाणे शासनाच्या दाव्यात तडजोडीला मदत करणे न्यायालयाचेही कर्तव्य आहे.

आमच्या एका मित्राने यावर आक्षेप घेतला, "अहो, आणखी एक इन्स्पेक्टर म्हणजे आणखी एक हात पुढे." भीती खोटी नाही. इनाम कमिशनचा धडा इथेच उपयोगी पडतो. तपास करणाऱ्याला निकालाचा अधिकार नसावा, त्याचा अहवाल दुसऱ्या पक्षाला मिळावा, आणि त्याला साक्षीला बोलावता यावे. जो उलटतपासाला उभा राहणार आहे तो लिहिताना चार वेळा विचार करतो. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

तोवर आपण काय करावे?

शासन पद निर्माण करील तेव्हा करील. तोवर आपल्या घरचा तपासनीस आपणच व्हायला हवे. काही साध्या सूचना देतो.

घराचे, जमिनीचे, मंदिराचे सर्व कागद एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा. मूळ कागद कोणाकडे आहे ते पहिल्या पानावर लिहा. खसरा आणि बी-१ ची ताजी नक्कल वर्षातून एकदा काढा. बदललेली नोंद दहा वर्षांनी कळण्यापेक्षा त्याच वर्षी कळलेली बरी. सरकारी कचेरीतला कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

नोटीस आली तर लिफाफा फेकू नका. त्यावरच्या तारखेलाच पुढे महत्त्व येते. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकत घ्यायला ६० दिवस असतात. 'बघू, वकिलांना विचारू' म्हणता म्हणता ते संपतात. हरकत लेखीच द्या आणि पोच घ्या.

पटवारी किंवा पाहणीचे पथक आले तर भांडू नका, दारही लावू नका. घरातल्या जाणत्या माणसाने सोबत फिरावे, फोटो काढावेत, पंचनामा पूर्ण वाचूनच सही करावी. मान्य नसेल तर काय मान्य नाही ते सहीजवळ लिहावे. कोऱ्या कागदावर सही कोणी मागितली तरी देऊ नये. आणि खोटे काही सांगू नये. एक खोटे सापडले की बाकीचे खरेही वाहून जाते.

घरात मोडी कागद असतील तर ते वाचता येणाऱ्या ज्येष्ठांकडून आताच वाचून घ्या आणि देवनागरीत उतरवून ठेवा. मोडी वाचणारे आपल्यात आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. मंडळाने सुटीतल्या वर्गांत श्लोक आणि नाट्यवाचनाबरोबर मोडीचाही वर्ग घ्यावा, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. हिशेबाचे कागद लावून देण्याचे काम आम्ही करू. निवृत्त माणसाला एवढा वेळ असतो.

आणि आपल्या घरांतून जी मुले-मुली वकिली शिकत आहेत किंवा पटवारी परीक्षेची तयारी करीत आहेत, त्यांना एक सांगणे. कोर्टाने कमिशनर म्हणून नेमले, किंवा साहेबांनी मौका पाहून या म्हटले, तर ते काम लहान समजू नका. मोठ्या वकिलाचा युक्तिवाद तुम्ही टेपने घेतलेल्या मापावर उभा राहतो. चार वर्षांनी कोणीतरी तुम्हांलाही तोच प्रश्न विचारील जो आम्हांला विचारला होता. त्या वेळी "हो, गेलो होतो" असे म्हणता आले पाहिजे.